मुलाची पहिली गाडी: पैसे कोणी भरायचे आणि जबाबदारी कोणाची?

दहावी-बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत एकच विषय निघतो: गाडी. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ‘पोराला गाडी घेतली’ म्हणजे बहुतेक वेळा दुचाकी. जमिनीचा मोबदला आलेल्या काही घरांत थेट चारचाकीचीही चर्चा होते. मग प्रश्न येतो तो पैशांचा. आई-वडिलांनी पूर्ण रक्कम द्यावी, की मुलाने स्वतः कमावून घ्यावी?

हा प्रश्न शोरूममधल्या किमतीवर संपत नाही. गाडीचा हप्ता कोण भरतो, याच्याशी कायद्याला फारसे देणेघेणे नसते. कायदा पाहतो दोन गोष्टी: गाडी चालवणाऱ्याचे वय आणि परवाना, आणि आरसीवरचे नाव. अपघात झाला तर खरे बिल याच दोन गोष्टींवरून ठरते.

ग्रामीण ठाण्यात गाडी लागते कशाला?

शहापूर तालुक्यात रेल्वे आहे, पण ती तालुक्याच्या एका बाजूने जाते. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी आणि कसारा ही स्टेशने मुंबई-नाशिक मार्गावर आहेत. खुद्द शहापूर गावाला आसनगाव स्टेशन गाठावे लागते. डोळखांब, किन्हवलीकडच्या मुलांना आधी एसटी किंवा जीप आणि मग लोकल, असा प्रवास करावा लागतो.

मुरबाडला तर अजून रेल्वेच नाही. कल्याण सुमारे ३० किलोमीटरवर आहे आणि भरवसा रस्त्याचाच. सरळगाव, धसई, टोकावडे, म्हसा या भागांतून कॉलेज, आयटीआय किंवा एमआयडीसीत जायचे तर एसटीच्या वेळा सांभाळाव्या लागतात. शेवटची गाडी चुकली की प्रश्न उभा राहतो. त्यामुळे इथे दुचाकीला केवळ हौस म्हणता येत नाही. पण गरज खरी असली तरी वयाची अट बदलत नाही.

कोणत्या वयात कोणती गाडी?

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार:

• १६ वर्षे पूर्ण: पालकांच्या लेखी संमतीने, ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची, गिअर नसलेली दुचाकी.
• १८ वर्षे पूर्ण: मोटारसायकल, स्कूटर, खासगी कार, ट्रॅक्टर. प्रत्येक प्रकारासाठी परवान्यात नोंद हवी.
• २० वर्षे पूर्ण: प्रवासी किंवा माल वाहतुकीचे व्यावसायिक वाहन.

पहिल्या मुद्द्यावर मोठा गैरसमज आहे. ‘गिअर नाही ना, मग सोळाव्या वर्षी चालते’ असे सर्रास सांगितले जाते. पण रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या असतात. त्या १८ वर्षांखालील मुलाला चालत नाहीत, मग हातात कोणताही लर्निंग परवाना असो.

१८ च्या आतल्या मुलांसाठी एक कायदेशीर पर्याय आहे. ज्या इलेक्ट्रिक दुचाकीची मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो, तिला नोंदणी आणि परवाना लागत नाही. मात्र वेग वाढवून दिलेली गाडी ही सवलत गमावते. घेताना गाडीच्या मान्यतेचे कागद पाहावेत, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये.

१८ च्या आत गाडी दिली तर काय होते?

२०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा अशी:

• पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड
• गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द
• मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही

मुलाने आपल्या नकळत गाडी नेली किंवा आपण ती रोखण्याची पूर्ण काळजी घेतली होती, हे पालकाला सिद्ध करावे लागते. किल्ली खुंटीला टांगलेली आणि मुलगा रोज त्याच गाडीने क्लासला जातो, अशा घरात हे सिद्ध करणे अवघड.

यातली तिसरी शिक्षा ग्रामीण भागात सर्वांत महागात पडते. एमआयडीसीतली पाळी, डिलिव्हरीचे काम, टेम्पो किंवा जीप चालवणे, अशा अनेक कामांना परवाना लागतो. सतराव्या वर्षीच्या एका चुकीने मुलाची पुढची आठ वर्षे अडू शकतात.

पुण्यात कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे १७ वर्षांच्या मुलाच्या कारने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्या प्रकरणात मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. ते प्रकरण श्रीमंत घरातले होते म्हणून गाजले; पण जे कलम महागड्या कारला लागू होते, तेच गावातल्या जुन्या मोटारसायकललाही लागू होते.

आरसीवर नाव कोणाचे?

भारतीय करार कायद्यानुसार अल्पवयीन व्यक्ती करार करू शकत नाही. त्यामुळे १८ च्या आतल्या मुलाच्या नावावर वाहनकर्ज होत नाही; गाडी आई-वडिलांच्या नावावरच निघते. मुलगा १८ चा झाला, पण उत्पन्न नसले, तर कर्ज देणारे पालकांना सहकर्जदार करून घेतात. हप्ते थकले की दोघांचाही सिबिल स्कोअर खाली येतो. पुढे ट्रॅक्टर किंवा घरासाठी कर्ज काढताना हे नडते.

विम्यातली एक गोष्ट मात्र बहुतेक घरांना माहीत नसते. दुचाकीच्या पॉलिसीसोबत मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे अपघाती संरक्षण येते. ते फक्त आरसीवर नाव असलेल्या मालकाला मिळते, तेही त्याच्याकडे वैध परवाना असेल तर. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, तर मुलाला त्या १५ लाखांचा आधार नाही. वडिलांकडे परवानाच नसेल, तर हे संरक्षण कोणालाच नाही.

समोरच्याला इजा झाली तर भरपाई थर्ड पार्टी विम्यातून मिळते. पण चालवणाऱ्याकडे परवाना नसेल, तर न्यायालय अनेकदा विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला सांगते आणि ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. ही रक्कम लाखांत जाऊ शकते. म्हणजे ‘गाडी मुलाची, पण नाव बापाचे’ अशी व्यवस्था असेल तर शेवटी जमीन बापाची पणाला लागते.

उपाय साधा आहे. मुलगा १८ चा झाल्यावर, परवाना हातात आल्यावर, गाडी त्याच्याच नावावर घ्यावी. आधीपासून घरातली गाडी तो चालवत असेल, तर त्याच्या नावाने वेगळी अपघात पॉलिसी काढावी. बँकखाते असलेल्या १८ ते ७० वयोगटातील व्यक्तीला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. गाडीच्या पॉलिसीला हा पर्याय नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

खर्च खरा किती?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तरीही शोरूमच्या किमतीवर रोड टॅक्स, नोंदणी, विमा आणि दोन हेल्मेट यांचा खर्च येतोच. नवीन दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो.

उदाहरणादाखल ८०,००० रुपयांचे कर्ज, १२ टक्के व्याज, ३ वर्षे मुदत असा हिशोब धरू.

• घटत्या शिलकेवर व्याज: हप्ता सुमारे २,६५७ रुपये, एकूण व्याज सुमारे १५,६५०
• ‘फ्लॅट’ १२ टक्के: हप्ता सुमारे ३,०२२ रुपये, एकूण व्याज २८,८००

दोन्हीकडे तोंडी सांगितला जाणारा आकडा १२ टक्केच, पण फरक १३,००० रुपयांहून जास्त. कर्ज घेताना ‘फ्लॅट की घटत्या शिलकेवर’ हा एक प्रश्न विचारावाच.

आता पेट्रोल. रोजचे जाऊन-येऊन ४० किलोमीटर, महिन्याला २४ दिवस, लिटरला ५० किलोमीटर सरासरी आणि १०५ रुपये दर धरला, तर महिन्याला साधारण २,००० रुपये लागतात. हप्ता आणि पेट्रोल मिळून सुमारे ४,७०० रुपये झाले. सर्व्हिसिंग, टायर, पंक्चर वेगळे. गाडी घेऊन देणे एका दिवसाचे काम. हे पैसे मात्र तीन वर्षे, दर महिन्याला लागतात.

मग पैसे कोणी भरायचे?

घराघरांत साधारण तीन रीती दिसतात.

१. सगळे आई-वडील भरतात. मुलाचे शिक्षण चालू असेल आणि एसटीची सोय नसेल, तर हे रास्त आहे. अडचण अशी की गाडीची किंमत मुलाला कळत नाही. पेट्रोल संपले की घरी हात पसरायचा, हीच सवय लागते.

२. सगळे मुलगा भरतो. महामार्गावरचे ढाबे, लग्नाचा मंडप, केटरिंग, गोदामे, एमआयडीसीतली कंत्राटी कामे यांतून मुले पैसे साठवतात. यात धोका शिक्षण सुटण्याचा. हप्त्यासाठी धरलेले काम पुढे सुटत नाही आणि कॉलेज मागे पडते. १४ ते १८ वयोगटातील मुलांना धोकादायक कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात घ्यावे.

३. वाटून भरतात. बहुतेक घरांना ही रीत सोयीची पडते. विभागणी अशी करता येते:

• आई-वडील: डाउन पेमेंट, विमा, हेल्मेट. सुरक्षिततेचा खर्च मुलाच्या खिशावर सोडू नये. पैसे कमी पडले की आधी विम्याचे नूतनीकरण राहते.
• मुलगा किंवा मुलगी: पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि आलेले चलन.
• हप्ता: शिक्षण चालू असेपर्यंत घराने, कमाई सुरू झाल्यावर मुलाने.

चलन ज्याच्या चुकीने आले त्यानेच भरावे, हा नियम पहिल्या दिवशीच ठरलेला बरा. विमा नसलेली गाडी चालवल्यास पहिल्यांदा २,००० रुपये दंड आहे. विनापरवाना चालवल्यास ५,०००.

मोबदल्याच्या पैशातून कार घ्यावी का?

७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासाठी शहापूर तालुक्यातल्याही जमिनी गेल्या. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. मोबदला एकदाच येतो, जमीन परत येत नाही. गाडीची किंमत मात्र दरवर्षी उतरते. विम्याच्या ठरलेल्या कोष्टकानुसार पाच वर्षांच्या गाडीचे मूल्य निम्म्यावर धरले जाते. आज ८ लाखांची कार पाच वर्षांनी विम्याच्या हिशोबात ४ लाखांची.

कारमधून कमाई होणार असेल तर गोष्ट वेगळी. पण नुसती मुलाची हौस असेल, तर त्याच पैशाच्या मुदत ठेवीचे व्याज शिक्षणाला पुरू शकते का, हे आधी पाहावे. आणि हो, समृद्धीवर दुचाकीला प्रवेश नाही.

मुलीचे काय?

अनेक घरांत मुलाला गाडी आणि मुलीला एसटीचा पास, अशी न बोलता झालेली वाटणी असते. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. अडचण बारावीनंतर सुरू होते. कॉलेज लांब जाते, मोफत पास थांबतो आणि सवलतीच्या पासवर भागवावे लागते. संध्याकाळी बस नसते म्हणून नाव काढून घेतले, असे व्हायला नको असेल तर घरातल्या एकुलत्या गाडीवर पहिला हक्क कोणाचा, हे लांबच्या कॉलेजला कोण जाते यावरून ठरावे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*जुनी गाडी घ्यावी का?*
शिकण्यासाठी चांगला पर्याय. पण आरसी, विमा, थकीत चलन आणि कर्जाचा बोजा एमपरिवहन अ‍ॅपवर तपासावा. नाव नक्की बदलून घ्यावे. नाव न बदलता विकलेल्या गाडीचा अपघात झाला, तर जबाबदारी कागदावरच्या जुन्या मालकावर येते.

*लर्निंग परवान्यावर एकट्याने कॉलेजला जाता येते का?*
लर्निंग परवाना सहा महिने चालतो आणि तो शिकण्यासाठी असतो. गाडीवर ‘एल’ लावणे बंधनकारक आहे. ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. रोजचा प्रवास त्यानंतरच सुरू करावा.

*गावातल्या आतल्या रस्त्यावर चालवली तर?*
सार्वजनिक रस्ता गावातला असो वा महामार्ग, वयाची आणि परवान्याची अट तीच.

थोडक्यात

• १८ पूर्ण आणि पक्का परवाना, त्याआधी ११०-१२५ सीसीची गाडी हातात देऊ नये.
• जो रोज चालवतो, त्याच्याच नावावर गाडी आणि अपघाती विमा असावा.
• डाउन पेमेंट, विमा आणि हेल्मेट घराने. पेट्रोल आणि चलन चालवणाऱ्याने.
• कर्जाचा दर विचारताना ‘फ्लॅट की घटत्या शिलकेवर’ हे विचारावे.
• गाडी घेण्याआधी महिन्याचा पूर्ण खर्च मुलासोबत बसून कागदावर लिहावा. तो आकडा पाहून मुलगा स्वतःच म्हणाला की अजून एक वर्ष एसटीने जातो, तर एका वर्षाचे हप्ते वाचले.