पृ. ८७ वरील तळटीप : झाकण मिटलेला लॅपटॉप

‘झाकण मिटलं होतं, तरी करी रोड येईस्तोवर सॅक तापली’ : ही अतिशयोक्ती नव्हे. लॅपटॉप झोपवण्याच्या जुन्या पद्धतीत झाकण मिटताच प्रोसेसरची वीजच तुटते, फक्त मेमरी जागी राहते. लिनक्स या कार्यप्रणालीच्या ३.९ आवृत्तीत (२०१३) आलेल्या दुसऱ्या पद्धतीत ती तुटत नाही. सगळे प्रोग्रॅम गोठवून प्रोसेसरला सर्वांत खोल विश्रांतीत सोडतात. मेख इथेच आहे. घड्याळाचा टायमर टोचत राहिला, तर विश्रांती पुन्हापुन्हा मोडते. सुटीच्या दिवशीही गिरणीचा भोंगा वाजावा, तसं. ४.० मध्ये (२०१५) तो टायमरही थांबवण्याची सोय झाली.

त्याआधी, २०१२ मध्ये, नेमका उलटा पेच सुटला होता. झोपवण्याच्या प्रक्रियेदरम्यान प्रोसेसर खोल विश्रांतीत गेला, की काही बायॉसवर (यंत्र सुरू करून देणारा मूळ प्रोग्रॅम) यंत्र पुन्हा जागंच होईना. मग लिनक्सने तेवढ्यापुरती खोल विश्रांतीच बंद ठेवली.

कथेतला दुकानदार मात्र सरळ बॅटरी बदलायला सांगतो. गल्ल्याच्या दृष्टीने सल्ला चोख. पण प्रोसेसर जागा राहत असेल, तर नवी बॅटरीही परळपर्यंत तशीच उतरेल.