सुपारी कलेची, हिशेब जातीचा

यात्रांचा हंगाम आला की राजगुरुनगर, आंबेगाव, जुन्नरकडच्या यात्रा कमिट्या नारायणगाव गाठतात. तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, सुपाऱ्या ठरतात. गावाला ढोलकी-हलगीची जुगलबंदी हवी असते. आणि ती रंगली की कौतुक होते, "हलगी त्यांच्या रक्तातच असते!"

मित्रांनो, हे कौतुक नाही. विस्तवावर कातडे तापवून ताणायचे, दोन्ही काठ्यांवर हात बसवायचा, यात वर्षे जातात. ती मेहनत 'रक्त' म्हणून पुसली की मोबदला द्यायची गरज उरत नाही.

गावकीत मातंगाची हलगी अशीच फुकट होती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले, तेही याच कारणाने. जन्माने गळ्यात पडलेल्या कामाला ना रास्त मोबदला असतो, ना नकाराचा हक्क. सुपारीत निदान दर ठरतो, नाही म्हणता येते. पण जात सुपारीनेही सुटत नाही.

नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. तरी २००२ साली त्या गेल्या तेव्हा हलाखीतच होत्या. टाळ्या गावाने वाजवल्या, म्हातारपण त्यांचे एकटीचे.

म्हणून तरुणांनो, यात्रेच्या पत्रिकेवर देणगीदारांबरोबर हलगीवाल्याचेही नाव छापा म्हणा. बिदागी आधी ठरवा म्हणा. आणि त्याच्या पोराला हलगी धरायची की पुस्तक, हे जात नाही, तो पोरगा ठरवेल.

जय भीम!