मॉस्फेटची निवड: एका अक्षराचा फरक
मॉस्फेट हा गेटवरील विद्युतदाबाने चालणारा स्विच होय. दुकान ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारातले असो वा पणजीतले, विद्यार्थी बहुधा 'आयआरएफझेड ४४ एन' मागतात. ५५ व्होल्ट, ४९ अँपिअर हे त्याचे आकडे भुरळ घालणारे आहेत. मात्र त्यातील प्रवाहाचा आकडा गेटला १० व्होल्ट मिळतील असे गृहीत धरून दिलेला असतो. माहितीपत्रकातील २ ते ४ व्होल्टचा 'थ्रेशोल्ड' म्हणजे वहनाचा केवळ आरंभ. त्या वेळी जेमतेम पाव मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. आर्डुइनोच्या ५ व्होल्टवर हा मॉस्फेट अर्धवट उघडतो, आणि भार मोठा असल्यास तापून जळतो.

अशा ठिकाणी 'आयआरएलझेड ४४ एन' घ्यावा. ५ व्होल्टवर त्याचा रोध फार तर २५ मिलीओहम, म्हणजे ५ अँपिअरला उष्णता सुमारे ०.६ वॅट. ३.३ व्होल्टच्या मंडळांसाठी 'एओ ३४००' योग्य ठरतो, पण त्याची मर्यादा ३० व्होल्ट, आणि इवल्याशा आकारामुळे सोल्डरिंग जिकिरीचे. लहान रिलेला २०० मिलिअँपिअरचा '२एन ७०००' पुरे.

गेट आणि सोर्स यांच्यामध्ये १० किलोओहमचा रोधक जोडावा. मोटार किंवा रिले असल्यास तिला समांतर, उलट दिशेने डायोडही हवाच.