कराचीचे रिकामे हँगर आणि जुहूचे टपाल

हवाई टपालाचे संग्राहक आपल्या संग्रहाचे सहसा दोन भाग पाडतात. एका भागात वायुनौकांनी, म्हणजे हायड्रोजनसारख्या हलक्या वायूच्या बळावर तरंगणाऱ्या आणि इंजिने व सुकाणू लावून हव्या त्या दिशेने नेता येणाऱ्या अजस्र यानांनी, वाहिलेली पत्रे असतात, तर दुसऱ्या भागात विमानांनी वाहिलेली. जुहूच्या धावपट्टीवर 1932 साली उतरलेल्या टपालाला अर्थातच दुसऱ्या भागात जागा मिळते. पण त्याची कुळी शोधत मागे गेले, तर वाट एका जळालेल्या वायुनौकेपाशी पोहोचते.

हवाई टपालाच्या इतिहासातील ठळक टप्पे सर्वपरिचित आहेत: 1870 साली वेढ्यात सापडलेल्या पॅरिसमधून बलूनने बाहेर पडलेली पत्रे, 1900 सालची काउंट झेपलिन यांची पहिली वायुनौका, आणि 18 फेब्रुवारी 1911 रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला नेलेली सुमारे साडेसहा हजार पत्रे. यांतील अलाहाबादची फेरी जेमतेम सहा मैलांची होती आणि पत्रामागे घेतलेले सहा आण्यांचे जादा शुल्क एका विद्यार्थी वसतिगृहासाठी होते; तेव्हा ती पत्रे लवकर पोहोचावीत म्हणून नव्हे, तर जपून ठेवता यावीत म्हणूनच टाकली गेली होती, असे म्हणायला हरकत नाही. पुढे ‘ग्राफ झेपलिन’ या जर्मन वायुनौकेच्या लांबच्या सफरींचा खर्चही बऱ्याच अंशी संग्राहकांच्याच खिशातून निघाला.

मुंबईशी संबंध येतो तो 1924 साली ब्रिटिश सरकारने हाती घेतलेल्या वायुनौका योजनेमुळे. इंग्लंडहून इजिप्तमार्गे हिंदुस्थानात वायुनौका आणायची, तिचा मुक्काम कराचीला करायचा, आणि त्यासाठी तिथे नांगरण्याचा मनोरा व भलेमोठे हँगर उभारायचे, असा तो बेत होता. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती, हे आज सहसा लक्षात राहत नाही. सिंध वेगळा झाला तो 1936 साली. ज्या वायुनौकेसाठी हा खटाटोप केला, ती 777 फूट लांबीची ‘आर 101’ पहिल्याच हिंदुस्थान-सफरीत, 5 ऑक्टोबर 1930 च्या पहाटे, फ्रान्समधील बोव्हेजवळ कोसळून पेटली आणि 54 जणांपैकी 48 जण दगावले. ब्रिटिशांनी वायुनौकांचा नाद सोडला आणि कराचीचे हँगर कोणत्याही वायुनौकेविना उभे राहिले. बरोबर दोन वर्षे आणि दहा दिवसांनी, 15 ऑक्टोबर 1932 रोजी, त्याच परिसरातील ड्रिग रोड विमानतळावरून जे. आर. डी. टाटा ‘पस मॉथ’ जातीच्या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून सुमारे 25 किलो टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे दुपारी जुहूला उतरले. तेथून त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासकडे नेले.

वायुनौका आणि जुहूचे टपाल यांच्या या जोडणीवर आक्षेप घेता येतात आणि ते दुबळे नाहीत. इम्पीरिअल एअरवेजची लंडन-कराची विमानसेवा मार्च 1929 मध्येच सुरू झाली होती. टाटा-व्हिन्सेंट यांचा हवाई टपालसेवेचा प्रस्तावही त्याच वर्षीचा. आणि त्याच वर्षी हिंदुस्थानच्या टपाल खात्याने काढलेल्या दोन ते बारा आण्यांच्या सहा हवाई तिकिटांवर पंचम जॉर्जच्या शेजारी विमान आहे, वायुनौका नाही. इराणी आखातातून येणाऱ्याला हिंदुस्थानचे पहिले मोठे बंदर कराचीच लागते, त्यामुळे भूगोलानेच सारे ठरवले होते, असाही युक्तिवाद होतो. तो अर्धाच खरा मानावा लागतो. दार कुठे असावे हे भूगोलाने ठरवले. पण त्या दारावर राजकीय प्रतिष्ठेची आणि सरकारी खजिन्याची मोहोर उमटवली ती वायुनौकेच्या स्वप्नाने, आणि ते भंगल्यावर लांब पल्ल्याच्या टपालासाठी विमानाला प्रतिस्पर्धी उरला नाही.

जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रालगतची चिखलवट होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि टाटांना आपला मुक्काम पुण्याला हलवावा लागे, म्हणून त्या काळातील पाकिटांची तारीख आणि ऋतू ताडून पाहणे संग्राहकाला भाग असते. जुहू हा भाग 1920 साली निर्माण झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात मोडत होता आणि त्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे वांद्रे होते. शहरातून मोटारीने जुहूला जायची सरळ वाट माहीमच्या कॉजवेवरून वांद्र्यातूनच जात असल्याने, विमानाने आलेल्या थैल्याही वांद्र्यावरूनच शहरात शिरल्या असणार, असे मानण्यास जागा आहे.

पाकिटाची दर्शनी बाजू अनेकदा फसवी असते. तिथे तिकीट, पाठवल्याच्या गावाचा शिक्का आणि क्वचित ‘कॅशे’, म्हणजे त्या विशिष्ट फेरीसाठी मारलेला खास ठसा, दिसतो. पत्र खरोखर कधी पोहोचले याचा पुरावा मात्र मागच्या बाजूच्या पोचशिक्क्यात असतो. कराचीत मोठी गोवेकर वस्ती होती आणि वांद्र्यातही होती, तेव्हा दोन्हीकडच्या नातलगांमधली त्या वर्षांतील पत्रे वांद्र्याच्या जुन्या घरांतील ट्रंकांत अजून पडून असण्याचा पुरेपूर संभव आहे. ज्यांना ती सापडतील त्यांनी वाफ देऊन तिकीट सोडवू नये. पाकीट अखंड ठेवावे आणि आधी उलटे करून पाहावे.