फुल सस्पेन्शन सायकलची निवड : एका जुन्या वादाचा इतिहास

१/ डोंगरवाटांसाठी फुल सस्पेन्शन सायकल घ्यायला गेलात की ‘ट्रॅव्हल’, ‘पिव्हट’, ‘हॉर्स्ट लिंक’ असे शब्द कानी पडतात. हे शब्द निव्वळ जाहिरातीचे नव्हेत. त्यांच्यामागे एक जुना वाद आहे : धक्के शोषणारी स्प्रिंग स्वाराचे श्रमही शोषून घेते का?

२/ आरंभ कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्सजवळ ‘रीपॅक’ ही उताराची शर्यत प्रथम झाली. सुमारे ३ किलोमीटरच्या वाटेत जवळजवळ ४०० मीटरचा उतार! जुन्या श्विन सायकलींच्या मागच्या ब्रेकमधील ग्रीस जळून जाई आणि ते नव्याने भरावे लागे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले. धक्के सोसायला होते ते फक्त जाड टायर आणि स्वाराचे गुडघे-कोपर.

३/ १९७७ मध्ये जो ब्रीझने खास डोंगरासाठी सायकल बांधली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची ‘स्टम्पजम्पर’ कारखान्यातून बाहेर पडली. दोहोंतही सस्पेन्शन नव्हते. ते अज्ञात होते असे नाही. ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक्स मोल्टनने १९६२ मध्येच दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेली सायकल विकायला आणली होती. पण ती रस्त्यासाठी होती. डोंगर चढणाऱ्याला वाढीव वजन नकोसे वाटे.

४/ १९८९ मध्ये पॉल टर्नरने रॉकशॉक्स ही कंपनी स्थापली. तिच्या पहिल्या फोर्कचा ट्रॅव्हल, म्हणजे दबण्याचे अंतर, जेमतेम ५ सेंटिमीटर. १९९० मध्ये ड्युरँगोच्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने तोच फोर्क वापरून उताराची शर्यत जिंकली. सस्पेन्शन म्हणजे केवळ आराम नव्हे, हे तेथे दिसले. चाक जमिनीला चिकटून राहिले तरच सायकल वळते आणि थांबते.

५/ मागचे चाक मात्र अवघड. ते साखळीला बांधलेले असते. पेडल मारताना साखळीच्या ताणाने आणि शरीराच्या हालचालीने सायकल डोलते. ब्रेक दाबताच सस्पेन्शनच्या कामात अडथळा येऊ शकतो. मूळच्या ऑस्ट्रियन हॉर्स्ट लाइटनरने मागच्या आसाच्या किंचित पुढे एक सांधा बसवला. त्यामुळे ब्रेकचा परिणाम बराच सौम्य झाला. हीच ती ‘हॉर्स्ट लिंक’.

६/ पुढे स्पेशलाइज्डने हे पेटंट विकत घेतले. अमेरिकेत इतरांपुढे दोनच मार्ग उरले : परवाना घ्या किंवा वेगळी रचना शोधा. आज दिसणाऱ्या नाना रचनांपैकी काहींचे मूळ केवळ यंत्रशास्त्रात नाही, कायद्यातही आहे. पेटंटची मुदत संपल्यावर ही रचना सर्वांना खुली झाली.

७/ म्हणून निवडताना रचनेच्या नावावर भाळू नये. वाट मिश्र चढउताराची असेल तर साधारण १२० ते १५० मिलिमीटर ट्रॅव्हल पुरतो. अधिक ट्रॅव्हलसोबत बहुधा वजनही वाढते. चढावर ती किती डोलते, उतारावर ब्रेक दाबल्यावर मागचे चाक जमीन धरते का, हे स्वतः चालवून पाहावे. सांध्यांची बेअरिंग आणि शॉकची दुरुस्ती आपल्या गावाजवळ होते का, हेही विचारावे.

८/ वाद अजून मिटलेला नाही. प्रत्येक फ्रेम हे त्याला दिलेले एक उत्तर आहे. आपल्या वाटेला कोणते उत्तर लागू पडते, एवढेच आपण ठरवायचे.