घर रंगवलं म्हणजे नेमकं कोणी रंगवलं?

'आम्ही दिवाळीला घर रंगवलं.' हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल, म्हटलंही असेल. आता सांगा, ब्रश कोणाच्या हातात होता? वाक्यावरून कळत नाही. शहाजहानने ताजमहाल 'बांधला' तसंच आपणही घर 'रंगवतो'. 'रंगवून घेतलं' हा वेगळा प्रयोग मराठीत आहे, पण बोलताना तो सोयीप्रमाणे गळतो. घर स्वतः रंगवावं की रंगारी बोलवावा, या प्रश्नाचा इतिहास वाचताना हे क्रियापद मनात ठेवा. पुढे लागणार आहे.

याला कसला आलाय इतिहास, असं वाटेल. पैसे असले तर रंगारी, नसले तर आपण. पण हा पर्याय उपलब्ध असायला एक अट आहे: लावायला तयार असा रंग दुकानात मिळाला पाहिजे. आपल्याकडच्या चुन्याला ही अट कधी लागलीच नाही. कळीचा चुना रात्री भिजत घालायचा, गाळायचा, त्यात थोडी नीळ आणि अंगाला लागू नये म्हणून सरस किंवा डिंक घालायचा, की कुंचा घेऊन कोणीही सुरू. ते ज्ञान घरातलंच होतं. तेलातल्या रंगाची गोष्ट वेगळी. त्यासाठी लंडनला जाऊ, कारण हा वाद तिथे कागदावर उतरलेला सापडतो.

लंडनमध्ये रंगाऱ्यांची जुनी संघटना होती, पेंटर-स्टेनर्स कंपनी. भिंतींना गिलावा करणारे आपलं काम पळवतात, ही तिची कायमची तक्रार. १६०४ च्या एका कायद्याने मग गिलावा करणाऱ्यांना गेरूसारखे मोजके स्वस्त रंग वापरायची मुभा दिली, तीही सरसात कालवून. तेलात नाही. कायद्याने रेघ ओढली ती तेलावर! रसायनशास्त्र शिकलेल्यांना यातली गंमत कळेल. चुना आणि सरस हाताळणं सोपं, तेल अवघड. जवसाचं तेल 'वाळतं' म्हणतात, पण त्यातून पाणी उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि घट्ट पापुद्रा तयार होतो. त्यात मिसळायचा पांढरा रंग म्हणजे सफेदा, शिशाचं कार्बोनेट. शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरच्या मडक्यांवर ठेवून घोड्याच्या लिदीत कित्येक आठवडे पुरायच्या, की त्यांच्यावर पांढरा थर चढतो. हा सफेदा तेलाबरोबर दगडावर वाटावा लागे. नीट वाटला नाही तर रंग खरबरीत येई, गुठळ्या राहत. म्हणजे रंगाऱ्याचं अर्धं कौशल्य ब्रशात होतं आणि अर्धं पाट्यावर.

अठराव्या शतकात हे पाट्यावरचं अर्धं कौशल्य दुकानदाराने उचललं. घोड्यांनी फिरवायच्या चक्क्यांवर रंग दळून तयार विकायला सुरुवात झाली. स्ट्रँड या रस्त्यावरचा अलेक्झांडर एमर्टन हा त्यातला प्रसिद्ध विक्रेता. तो रंगासोबत छापील सूचनांचा कागद देई. त्याच्या जाहिरातीतला दावा असा, की अनेक उमराव आणि सभ्य गृहस्थांनी रंगाऱ्याच्या मदतीशिवाय अख्खी घरं रंगवली आणि जाणकारांनाही ते काम व्यावसायिकाच्या कामापासून वेगळं ओळखता आलं नाही. १७४७ मध्ये आर. कॅम्पबेल याने 'द लंडन ट्रेड्समन' हे पुस्तक लिहिलं, मुलाला कोणत्या धंद्यात घालावं हे पालकांना सांगणारं. त्यात रंगकामाची अवस्था वाईट असल्याचं तो सांगतो. कारण तेच: तयार रंग आणि छापील सूचना. यामुळे घर एक तृतीयांश खर्चात रंगवून होतं, असं त्याचं म्हणणं.

आता संशोधकासारखं वाचा. एक साधन जाहिरात आहे, दुसरं करिअर मार्गदर्शन. एकाला माल खपवायचाय, दुसऱ्याला पालकांना सावध करायचंय. हितसंबंध वेगळे असूनही दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतात, म्हणून ती गोष्ट घडत असावी असं मानायला जागा आहे. 'एक तृतीयांश' हा आकडा मात्र शोधनिबंधात छातीठोकपणे देऊ नका. तो कशाचा हिशेब आहे, किती हात मारायचे धरले, जुना रंग खरवडायचं काम त्यात आहे का, यातलं काहीच त्या आकड्याबरोबर येत नाही. आजही रंगकामाचं कोटेशन तपासताना हेच विचारावं लागतं, नाही का?

आणि आता ते क्रियापद. एमर्टनच्या उमरावांनी घरं रंगवली ती स्वतः आणि नोकरांकरवी. कॅम्पबेलकडे तर उमराव स्वतः रंग लावतच नाहीत. त्याच्या मते रंग लावतो साधा मजूर. म्हणजे जिथे आपल्याला 'स्वतः करा' या चळवळीची सुरुवात दिसते, तिथे प्रत्यक्षात शिकलेल्या महाग हाताच्या जागी न शिकलेला स्वस्त हात आला होता. स्वतः की व्यावसायिक, असा दोन टोकांचा प्रश्न आपण मांडतो आणि मधला हा माणूस निसटतो. मला विचाराल तर या विषयावर काम करायचं असेल तर याच माणसाच्या मागे जा. तो सही करत नाही, जाहिरात देत नाही. सापडलाच तर घरखर्चाच्या वह्यांमधल्या एखाद्या ओळीत सापडेल.

त्याच्या मागे जायचं आणखी एक कारण आहे, शिसं. सफेदा विषारी आहे हे एमर्टनच्या आधीच लिहिलं गेलं होतं. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवरच्या ग्रंथात रंगाऱ्यांच्या दुखण्यांचा संबंध ते हाताळत असलेल्या शिशाच्या रंगांशी जोडला. पोटात कळा येणं, हाताची मनगटं लुळी पडणं ही शिशाच्या विषबाधेची ओळखीची लक्षणं. रंगाऱ्याला निदान धंद्यातल्या जुन्या माणसांकडून हा धोका ऐकायला मिळे. नोकराला कोण सांगणार? कौशल्य कागदावर छापून पाठवता आलं, पण सावधपणा त्या कागदाबरोबर गेला असेल का, याची मला शंका आहे.

मुलांचा धोका तर फार उशिरा दिसला. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये डॉक्टर जे. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये दाखवलं, की मुलांच्या विषबाधेचं मूळ व्हरांड्याच्या कठड्यांवरच्या रंगात आहे. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सफेद्यावर करार केला. इमारतींच्या आतल्या भागात त्याचा वापर काही अपवाद सोडून बंद करायचा, आणि सफेद्याच्या औद्योगिक रंगकामावर १८ वर्षांखालची मुलं आणि स्त्रिया नेमायच्या नाहीत. तो कामगारांसाठीचा करार होता. रविवारी स्वतःच्या घराची खिडकी घासणारा माणूस त्याच्या डोळ्यासमोर नव्हता.

खऱ्या अर्थाने 'स्वतः' रंगवणं सोपं झालं ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. १९४० च्या सुमारास उत्तर अमेरिकेत रोलर आला, १९४८ मध्ये ग्लिडन कंपनीने पाण्यात मिसळणारा लॅटेक्स रंग बाजारात आणला. वास कमी, हात पाण्याने धुता येतात, ब्रशाच्या रेघा उमटत नाहीत. आपल्याकडे एशियन पेंट्स १९४२ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी गट्टू काढला: कपाळावर बट आलेला, हातात ब्रश आणि डबा घेतलेला खोडकर पोरगा. जाहिरातीत ब्रश पोराच्या हातात, पण घराघरांत इमल्शनचे हात मारत राहिला तो रंगारीच. मजुरी स्वस्त असली की रोलर घरात शिरत नाही, एवढं मला त्यामागचं मुख्य कारण दिसतं. तुम्हाला वेगळं वाटलं तर तो चांगला संशोधनप्रश्न होईल.

भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. ते नव्या डब्यांसाठी आहेत. जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या दारं-खिडक्यांवर, गजांवर बसलेले आधीचे थर तिथेच आहेत. लोखंडाला मारलेला जुना लाल प्रायमर तर बरेचदा शेंदूरच, म्हणजे पुन्हा शिसं. तो थर कोरड्या पॉलिश पेपरने घासला की धूळ उडते. पाणी मारून ओला घासला तर कमी उडते, पण वेळ जास्त लागतो. काम अंगावर दिलेलं असलं की वेळ कोणी देत नाही. आणि हे घासकाम मुख्य रंगारी सहसा करत नाही, बरोबर आणलेल्या हाताखालच्या पोराला देतो.