हजार चंद्रांचा हिशोब

पानिपत म्हटले की स्मरणिकेत १७६१ चा लेख हा हवाच. तो मान जाणकारांचा. मी रेल्वेतला साधा डिप्लोमाधारक इंजिनीअर. रूळ, खडी आणि एस्टिमेट हे माझे विषय. तरीही यंदा थोडा इतिहास लिहिण्याचे धाडस करतो, तो आपल्या घरातल्या मोठ्या वाढदिवसांचा. निमित्त, गेल्या वर्षी झालेल्या माझ्या आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचे.

आपल्याकडे साठी आणि एक्क्याऐंशी या दोन टप्प्यांना मान आहे, आणि दोन्हींच्या मागे आकाशाचे गणित आहे. गुरू सुमारे १२ वर्षांत एक फेरी करतो, शनी सुमारे ३० वर्षांत. म्हणजे साठ वर्षांनी दोघेही जवळपास जन्मवेळच्या जागी येतात. प्रभव ते क्षय हे संवत्सरांचे चक्रही साठाचेच. शके १८८७ मध्ये विश्वावसु संवत्सर होते, ते शके १९४७ मध्ये परत आले. म्हणून साठीशांत.

सहस्रचंद्रदर्शनाचा हिशोब असा. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. हजार पौर्णिमांचे २९,५३० दिवस, म्हणजे सुमारे ८० वर्षे १० महिने. या काळात बाराने गुणून ९७० महिनेच भरतात. उरलेल्या तीस पौर्णिमा अधिक महिन्यांनी दिलेल्या. आपल्या पूर्वजांनी अधिक मासही आयुष्याच्या खात्यात जमा धरला, हे मला फार आवडले.

सार्वजनिक वाढदिवसाचे मोठे उदाहरण मात्र ज्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले त्यांचेच आहे. २३ जुलै १९१६ रोजी लोकमान्य टिळकांना साठ वर्षे पूर्ण झाली. मंडालेहून सुटून दोनच वर्षे झाली होती. पुण्यात लोकांनी वर्गणी काढून त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली. त्या काळचे लाख! टिळकांनी ती स्वतःसाठी न ठेवता राष्ट्रकार्याला दिली. सरकारनेही त्याच दिवशी भेट पाठवली. बेळगाव व अहमदनगर येथील स्वराज्यावरील भाषणांबद्दल वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा २०,००० रुपयांचा जातमुचलका मागणारी नोटीस आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. तिथे टिळकांची बाजू बॅरिस्टर जिनांनी मांडली.

आता घरचे. आम्ही तिघे भावंडे, कोण कुठे, कोण कुठे. थोरल्या भावाने आईसाठी हॉल, केटरर, दीडशे पाने असा बेत काढला. मी सवयीने एस्टिमेट केले : १,४०,००० रुपये. आई तेव्हा माझ्याकडेच होती. कागद बघून म्हणाली, "अरे, मला तर हल्ली दोन-दोन चंद्र दिसतात. माझे हजार कधीच झाले!" आम्ही हसलो. मग हसू थांबले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि "वाढदिवस होऊ दे, मग बघू" म्हणून तिनेच शस्त्रक्रिया लांबवली होती. ती फॅमिली पेन्शनवाली, माझ्या मेडिकल कार्डावर तिचे नाव नाही. खर्च आम्हालाच करायचा होता.

मी भावाला फोन केला. म्हटले, थैली आधी डोळ्यांना. "लोक काय म्हणतील?" म्हणून तो दोन आठवडे बोलला नाही. पण त्याचा वाटा वेळेवर आला. महिन्याच्या अंतराने दोन्ही डोळे झाले.

समारंभ कोजागरीला, क्वार्टरच्या गच्चीवर ठेवला. मंडळी त्या रात्री जमतातच, दूध आटतेच. प्रत्येक घराने एक पदार्थ आणला. वहिनींनी कणकेचे ८१ दिवे केले, सर्वांनी ओवाळले. एका सूत-व्यापाऱ्याने काटा दिला आणि आईची गुळाने तुला केली. या भागात ऊस भरपूर, गूळ स्वस्त. ४६ किलोला २,३०० रुपये लागले. तो गूळ दुसऱ्या दिवशी आमच्या सेक्शनच्या गँगमनना वाटला. दूध, गूळ, दक्षिणा मिळून दहा हजारांच्या आत निभावले.

भाऊ आला होता. हॉल नाही म्हणून थोडा खट्टूच होता. दिवे विझल्यावर तोच आईला कठड्याशी घेऊन गेला. तिने बराच वेळ वर पाहिले.

"एकच आहे की रे," ती म्हणाली.

ज्यांच्या घरी असा योग येत असेल त्यांना एवढेच सांगणे : आधी आई-वडिलांना विचारा, मग हॉल बघा. काटा हवा असल्यास मी मिळवून देईन.

गणपती बाप्पा मोरया!